रानड्यांची बी.ए. आणि कोल्हापूरचा रस्ता

इंजिनिअरिंगला असताना परीक्षेआधीच्या सुटीला आम्ही पीएल म्हणायचो. पुण्याहून रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी बेळगाव. तरी शेवटच्या वर्षी मी घरी आलो नाही, अभ्यासासाठी होस्टेलवरच राहिलो. त्याच पीएलमध्ये आजी गेली. पत्र चौथ्या दिवशी हातात पडलं. त्यामुळेच असेल, जुन्या विद्वानांची चरित्रं वाचताना त्यांच्या पदव्यांआधी मला वेगळाच प्रश्न पडतो: हा मुलगा सुटीत घरी कसा जात असेल?

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या बाबतीत हा प्रश्न फार मोलाचा ठरला. जन्म निफाडचा, 18 जानेवारी 1842. पण वडील कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत, त्यामुळे घर कोल्हापुरात, म्हणजे आपल्या बेळगावहून जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. रमाबाईंनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'मध्ये त्यांच्या बालपणीचा एक प्रसंग दिला आहे. रात्री बैलगाडीतून कोल्हापूरकडे जाताना झोपलेला लहानगा महादेव गाडीतून खाली पडला. पुढच्यांना पत्ताच नाही. मागून घोड्यावर येणाऱ्या काकांना त्यानेच हाक मारली, म्हणून सापडला. सगळे हा प्रसंग त्यांच्या धीरगंभीर स्वभावाची खूण म्हणून सांगतात. मला त्यात रस्ता दिसतो. गाडीतून मूल पडलं तरी कळू नये, असा अंधार आणि असे गचके!

चौदाव्या वर्षाच्या आसपास हा मुलगा एल्फिन्स्टनमध्ये शिकायला मुंबईला गेला. 31 जुलै 1857 च्या रात्री कोल्हापुरात 27 व्या पलटणीने उठाव केला, तेव्हा त्याचं वय पंधरा. घर तिकडे, पुस्तकं इकडे.

आता हिशेब मांडू. मुंबईहून आगगाडी 1856 पासून खोपोलीपर्यंत जात होती आणि 1858 पासून खंडाळा ते पुणे धावत होती. मधला बोरघाट मात्र मोकळाच. खोपोलीला उतरायचं, पालखी, तट्टू किंवा गाडी करून घाट चढायचा आणि वर दुसरी आगगाडी धरायची. ही झाली सोपी बाजू. पुण्याहून कोल्हापूर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, वाटेत कात्रज आणि खंबाटकी हे दोन घाट. बैलगाडी दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर चालते असं धरलं, तर आठ ते दहा दिवस. जाऊन-येऊन अठरा-वीस दिवस नुसते चाकावर! घोड्यावर कमी लागतील, पण पुस्तकांचं गाठोडं कुठे बांधणार? पावसाळ्यात तर नद्यांना पूर, मग हिशेबच नको. महिन्याची सुटी मिळाली तरी घरी उरणार दहा-बारा दिवस. रानड्यांचं लग्नही लहानपणीच झालेलं होतं, तेव्हा घरी वाट बघणारी माणसं फक्त आईवडिलांच्या पिढीचीच नव्हती.

आणि तयारी कशाची करायची, तर आधी कोणी दिलेलीच नव्हती अशा परीक्षेची. मुंबई विद्यापीठ 1857 चं. पहिली मॅट्रिक 1859 ला, त्यात उत्तीर्ण झालेले विसाच्या आसपास, रानडे त्यांतले एक. पुढे 1862 मध्ये बी.ए.ची पहिली तुकडी बाहेर पडली. रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. चौघेच. विद्यापीठाला तेव्हा स्वतःची इमारतही नव्हती. राजाबाई टॉवर 1878 चा. जुन्या प्रश्नपत्रिका नाहीत, 'वरच्या वर्गातल्या' कोणाच्या वह्या नाहीत. आम्ही पीएलमध्ये निम्मा वेळ सीनिअरच्या झेरॉक्स शोधण्यात घालवायचो, म्हणून ही गोष्ट मला जास्त जाणवते.

वाचायचं ते रात्री तेलाच्या दिव्यावर. घासलेट घरोघर पोचायला अजून अवकाश होता. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवेसुद्धा 1865 ला आले. एका मेणबत्तीचा प्रकाश साधारण बारा-तेरा लुमेन, तेलाच्या वातीचाही फार वेगळा नसतो. आपल्या घरातला नऊ वॉटचा एलईडी आठशेच्या पुढे देतो. रानड्यांचे डोळे अतिवाचनाने बिघडले ते कायमचेच. चरित्रकार हे ज्ञानलालसेच्या खात्यावर मांडतात. थोडं त्या वातीच्या खात्यावरही मांडायला हरकत नसावी.

खर्चाची सोय झाली ती दक्षिणा फंडातून. पेशवाईत श्रावणात विद्वान ब्राह्मणांना वाटली जाणारी दक्षिणा इंग्रजांनी हळूहळू शिक्षणाकडे वळवली आणि तिच्यातून दक्षिणा फेलो नेमले. भांडारकरही असेच फेलो होते. पेशव्यांच्या पैशावर जगून इंग्रजी पदवी घ्यायची, असा तो काळ. शिष्यवृत्तीवर घर चालत असेल तर तोंड सांभाळावं लागतं. चरित्रकार सांगतात की रानड्यांनी एका निबंधात मराठेशाहीशी तुलना करून इंग्रजी राज्याला कमी लेखलं, आणि सर अलेक्झांडर ग्रँट यांनी सहा महिन्यांसाठी त्यांची शिष्यवृत्ती थांबवली. या ग्रँटसाहेबांबद्दल रानड्यांना पुढेही आदरच होता, हे विशेष.

बोरघाटातला लोहमार्ग 21 एप्रिल 1863 ला खुला झाला: पंचवीस बोगदे, 37 फुटांना एक फूट चढ. मूळ कंत्राटदाराने काम सोडल्यावर ते घेणारे ट्रेडवेल भारतात आल्याआल्या वारले, तेव्हा त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी ते अंगावर घेऊन पुरं केलं. हे काम मला भारतातल्या कोणत्याही पुलापेक्षा मोठं वाटतं, पण तो वेगळ्या लेखाचा विषय. रानडे तोवर पदवीधर होऊन बसले होते.

पुण्याच्या पुढे आगगाडी यायला आणखी वर्षं गेली. आपल्या बेळगावला ती 1887 ला आली. मिरजेहून कोल्हापूरला 1891 ला पोचली, तेव्हा रानडे एकोणपन्नास वर्षांचे होते.