दिसू नये म्हणून खाकी, दिसावे म्हणून नारंगी

शेंद्र्याच्या गोदामात, जालना रोडवर पहाटे झाडलोट करताना, समृद्धी महामार्गाच्या दुभाजकातील झाडांना पाणी घालताना एकच जाकीट दिसते. भडक पिवळे किंवा नारंगी, त्यावर चकाकणाऱ्या पट्ट्या. लोक त्याला सर्रास ‘रेडियमचे जाकीट’ म्हणतात, पण रेडियमचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. श्रमिकाने ‘दिसले पाहिजे’ ही कल्पना फार जुनी नाही. तिचा इतिहास छत्रपती संभाजीनगरच्या रुळांपर्यंत येतो, म्हणून हा धागा.

निजामाच्या राज्यातून जाणारा मनमाड–सिकंदराबाद मीटरगेज लोहमार्ग १९००च्या सुमारास औरंगाबादेत पोहोचला. रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमनपाशी लाल झेंडा असे, कंदील असे, धोक्याच्या वेळी रुळावर ठेवायचे फटाके असत. ही सारी साधने गाडीला सावध करण्यासाठी होती. गाडी वाचावी याची चोख तरतूद होती. झेंडा धरणारा हात कोणाच्या नजरेस पडावा, याची मात्र नव्हती.

उलट वसाहतकाळातील गणवेशाचा प्रवास नेमका विरुद्ध दिशेने झाला. १८४६ साली पेशावर येथे हॅरी लम्सडेन याने ‘कोर ऑफ गाइड्स’ हे दल उभारले आणि पुढे त्याला मातकट रंगाचे कपडे दिले. ‘खाक’ म्हणजे धूळ. सैनिक धुळीत मिसळून जावा, हाच हेतू. सैन्याकडून हा रंग पोलीस, टपालवाले, वनरक्षक आणि एसटीचे चालक-वाहक यांच्याकडे आला. मळखाऊ आणि टिकाऊ, म्हणून सोयीचा. पण शत्रूला दिसू नये म्हणून निवडलेला रंग वाहनासमोर काम करणाऱ्यालाही दिला गेला, यातील विसंगती दीर्घकाळ कोणाला खटकली नाही.

भडक रंगाची गोष्ट अमेरिकेतली. १९३३ साली कॅलिफोर्नियात मालाच्या पेट्या उतरवताना बॉब स्विट्झर या तरुणाला गंभीर दुखापत झाली. दृष्टी सावरेपर्यंत त्याला अंधाऱ्या खोलीत राहावे लागले. तिथेच त्याला आणि त्याचा भाऊ जोसेफ याला प्रतिदीप्त रसायनांचे वेड लागले. त्यातून ‘डे-ग्लो’ रंग जन्मले. सूर्यप्रकाशातील डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून ते दृश्य प्रकाश बाहेर टाकतात. त्यामुळे कापड जणू स्वतः पेटल्यासारखे भासते. दुसऱ्या महायुद्धात विमानांना खुणावण्यासाठी सैन्याने हेच रंग वापरले. म्हणजे खाकी आणि डे-ग्लो एकाच महायुद्धात, एक लपण्यासाठी तर दुसरा दिसण्यासाठी.

ते अंगावर आले १९६४ साली, स्कॉटलंडमध्ये. ग्लासगोतील नव्याने विद्युतीकरण झालेल्या मार्गावर रेल्वे कामगारांना नारंगी जाकिटे देऊन प्रयोग झाला. कारण साधे होते. वाफेचे इंजिन धडधडत, धूर ओकत येई. विजेची गाडी वेगाने आणि तुलनेने मुकाट्याने येते. कामगाराच्या कानावर विसंबून चालणार नव्हते, म्हणून चालकाच्या डोळ्यावर भिस्त ठेवावी लागली. चालकाला माणूस लांबून दिसावा, त्याने भोंगा वाजवावा आणि माणसाने बाजूला व्हावे. जाकीट गाडी थांबवत नाही, ते केवळ काही क्षण मिळवून देते.

भारतात या क्षणांची किंमत किती? डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये अहवाल दिला. त्यात ऑक्टोबर २००७ ते ऑक्टोबर २०११ या चार वर्षांत रेल्वेचे सुमारे १६०० कर्मचारी मृत्युमुखी पडल्याची नोंद आहे. प्रवाशांच्या अपघाताची बातमी होते. रुळावरच्या कर्मचाऱ्याची सहसा होत नाही.

आणि ८ मे २०२०. टाळेबंदीत जालन्याच्या पोलाद कारखान्यातील मध्य प्रदेशचे २० मजूर गाडी मिळेल या आशेने भुसावळकडे पायी निघाले होते. बदनापूर आणि करमाड यांच्या दरम्यान थकून त्यांच्यातील बरेच जण रुळावरच झोपी गेले. गाड्या बंद आहेत, असा समज होता. पहाटे सव्वापाचच्या सुमारास मालगाडी आली. चालकाने पाहिले, थांबवण्याचा प्रयत्न केला, पण १६ जण गेले. त्यांच्या अंगावर चकाकत्या पट्ट्या असत्या तर? हा प्रश्न मोहक आहे, पण फसवा. पट्टी दिसली तरी झोपलेला माणूस उठणार कसा आणि भरवेगातील मालगाडी थांबणार कुठे? करमाडची दुर्घटना कपड्याच्या अभावाने घडली नाही. माणसांना घरी पोहोचवण्याची व्यवस्था नव्हती, म्हणून ती घडली.

हा फरक ध्यानात ठेवूनच आजच्या निवडीकडे पाहावे. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ २०४७१ अतिजोखमीच्या कामासाठी आहे. भारताचे स्वतःचे मानक आयएस १५८०९. युरोपने २०२० साली मध्यम जोखमीसाठी ईएन १७३५३ हे वेगळे मानक आणले. त्याची वर्गवारी मार्मिक आहे. धोका केवळ दिवसा असेल तर ‘ए’ प्रकार, म्हणजे प्रतिदीप्त कापड. केवळ अंधारात असेल तर ‘बी’, म्हणजे प्रकाश परतवणाऱ्या पट्ट्या. दोन्ही वेळा असेल तर ‘एबी’.

जोखीम मध्यम की अधिक, हे ठरते दोन गोष्टींवरून: वाहनाचा वेग, आणि माणसाचे लक्ष कुठे आहे. वाळूजच्या गोदामात फोर्कलिफ्ट सावकाश फिरते आणि कामगार तिच्याकडे पाहत असतो. तेथे मध्यम जोखमीचा पोशाख पुरावा. समृद्धीवर मोटारींची वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे आणि झाडाला पाणी घालणाऱ्याची पाठ रस्त्याकडे असते. तिथे तेच स्वस्त जाकीट चढवणे म्हणजे शुद्ध धूळफेक. दुर्दैवाने ठेकेदार दोन्हीकडे एकच गठ्ठा वाटतो. तपासणीच्या दिवशी फोटोत पिवळा रंग दिसला की काम झाले!

रंगाची निवडही स्थानिक हवी. पावसाळ्यात हिरव्या दुभाजकापुढे पिवळसर हिरवे जाकीट विरून जाते, नारंगी उठून दिसते. लाल मुरुमाच्या वळणरस्त्यावर नेमके उलट. रात्री प्रतिदीप्त रंगाचा उपयोग जवळजवळ संपतो, कारण अतिनील किरण नसतात. तेथे काचेच्या सूक्ष्म मण्यांच्या पट्ट्या लागतात. त्या प्रकाश जिथून आला तिकडेच परत पाठवतात. हात-पाय हलताना पट्ट्या हलल्या की चालकाला ‘ही वस्तू नव्हे, माणूस आहे’ हे चटकन कळते. म्हणून केवळ छातीवरच्या पट्टीपेक्षा घोट्यावरची आणि मनगटावरची पट्टी मोलाची. मराठवाड्याचे ऊन आणि धूळ दोन्हींचा घात करतात: उन्हाने रंग विटतो, धुळीने पट्टी आंधळी होते. धुऊन घेतले नाही, वेळेवर बदलले नाही, तर काही महिन्यांत उरते ती खाकीच.

मराठवाड्यात आणखी एक समूह आहे, ज्याला कोणतेही मानक मोजत नाही. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड मजूर बैलगाड्यांनी आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी कारखान्यांकडे निघतात. पोलीस, परिवहन खाते आणि कारखाने दर हंगामात गाड्यांच्या मागे ‘रेडियम’ चिकटवतात, हे चांगलेच आहे. मात्र ट्रॉलीतून उतरून रात्री रस्ता ओलांडणाऱ्या बाईच्या लुगड्यावर पट्टी नसते.