‘वाहन’ कोणास म्हणावे? : सायकल, मोटार आणि कापड्याचा घाटरस्ता

पोलादपूरहून महाबळेश्वरास जाणारा रस्ता कापडे गावाजवळून पुढे जातो आणि आंबेनळीच्या घाटास लागतो. या घाटाचे जुने नाव फिट्झगेराल्ड घाट. १८६७ ते १८७२ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या सर सेमूर फिट्झगेराल्ड यांच्यावरून ते पडले. त्यापूर्वीची वहिवाट प्रतापगडाच्या पायथ्याच्या पार गावावरून, पार घाटाने होती. नवा रस्ता झाला तो जावळी-पोलादपूर टापूतील रयतेच्या सोयीसाठी नव्हे. मुंबईहून जलमार्गाने दासगावपर्यंत येऊन महाड-पोलादपूरमार्गे महाबळेश्वरास हवा खाण्यास जाणाऱ्यांसाठी तो झाला. रस्ता कोणासाठी बांधला आणि त्यावर कोणाचे पाय व चाके पडतात, या दोन प्रश्नांची उत्तरे या ठिकाणी आरंभापासूनच निराळी आहेत. आजही पर्यटकांच्या मोटारी, एस. टी. च्या गाड्या, मालमोटारी, पायी चालणारे ग्रामस्थ आणि सायकलस्वार हे सर्व एकाच डांबरी पट्ट्यावरून जातात.

अशा रस्त्यावर प्रथम वाट कोणाची, याचे उत्तर कायद्याने दिले होते. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या ११८ व्या कलमान्वये केंद्र सरकारने १९८९ साली रस्त्याचे नियम विहित केले. २०१७ साली त्यांची जागा नव्या नियमावलीने घेतली. १९८९ च्या नियमांपैकी पंचविसावा नियम घाटांसंबंधी होता. डोंगरी व तीव्र चढाच्या रस्त्यावर, दोन वाहने निर्धोकपणे एकमेकांजवळून जाऊ शकतील इतकी रुंदी नसेल, तेथे उतरणाऱ्या वाहनाने कडेला थांबून चढणाऱ्या वाहनास प्रथम जाऊ द्यावे, असा त्याचा आशय होता. नियमामागील तर्क उघड आहे. चढावर थांबलेली गाडी पुन्हा चालू करणे कठीण, उतरणाऱ्यास थांबणे त्या मानाने सोपे. हा तर्क सर्वांत अधिक लागू पडतो तो सायकलस्वारास. चढावर त्याचा वेग पादचाऱ्याच्या वेगाहून फारसा अधिक नसतो. वेग मंदावला की तोल राखण्यासाठी पुढचे चाक डावीउजवीकडे वळवावे लागते, म्हणजे सपाटीपेक्षा त्यास अधिक रुंदी लागते. आणि एकदा पाय टेकला की पुन्हा पायटा मारून निघणे जवळजवळ अशक्य होते. तेव्हा कापड्याहून वर चढणारा सायकलस्वार हा त्या नियमातील ‘चढणारे वाहन’ होता काय? काटेकोर अर्थ घेतल्यास नव्हता. कारण १९८८ च्या अधिनियमाच्या दुसऱ्या कलमातील अठ्ठाविसाव्या पोटकलमाने ‘मोटार वाहन’ किंवा ‘वाहन’ म्हणजे यांत्रिक शक्तीने चालणारे वाहन, अशी व्याख्या केली आहे. सायकल या व्याख्येत बसत नाही.

या व्याख्येतील ‘किंवा वाहन’ हे दोन शब्द सहज नजरेतून सुटतात. परंतु १९३९ च्या पूर्वीच्या अधिनियमात ते नव्हते. तेथे व्याख्या होती ती केवळ ‘मोटार वाहन’ या संज्ञेची. ‘वाहन’ हा मोकळा शब्द सर्वांसाठी राखलेला होता. १९८८ साली तो मोटारीच्या खाती जमा झाला. मसुदा लिहिणाऱ्यांचा हेतू बहुधा पुनरुक्ती टाळण्याचा असावा. सायकलस्वारास रस्त्यावरून हटविण्याचा कट यात शोधणे अतिरेकाचे होईल. तथापि कायद्याच्या इतिहासात हेतूपेक्षा परिणाम मोठा ठरतो, आणि हा परिणाम किती मोठा आहे हे कळण्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागते.

इंग्लंडमध्ये १८७९ साली ‘टेलर विरुद्ध गुडविन’ या खटल्यात सायकल ही ‘गाडी’ आहे काय, असा प्रश्न उपस्थित झाला. बेफाम गाडी हाकण्याबद्दलची शिक्षा १८३५ च्या हमरस्ता कायद्यात होती, आणि तो कायदा झाला तेव्हा अशी सायकल कोणी पाहिलीही नव्हती. न्यायालयाने सायकलस्वारास दोषी धरले. त्यासाठी सायकल ही गाडीच होय, असे ठरविणे भाग पडले. सायकलस्वाराच्या पदरी पहिली प्रतिष्ठा पडली ती आरोपी म्हणून, हे गमतीचे खरे. पण त्या शिक्षेतून निघालेला निष्कर्ष त्यास उपकारक ठरला. पुढे १८८८ च्या स्थानिक स्वराज्य कायद्याच्या ८५ व्या कलमाने सायकली व तत्सम यंत्रे या गाड्या आहेत, असे निःसंदिग्धपणे म्हटले, आणि त्याबरोबरच रात्री दिवा लावण्याचे व दुसऱ्यास मागे टाकताना घंटा वाजविण्याचे बंधन घातले. बंधन आणि हक्क ही एकाच कलमातून जन्मली. ज्याने दिवा लावावयाचा, त्यास रस्त्यावर असण्याचा अधिकारही मिळाला.

मुंबई इलाख्यात हीच परंपरा आली. मोटारीसाठी १९०४ साली इलाख्याचा स्वतंत्र कायदा झाला, आणि १९१४ साली सर्व हिंदुस्थानास लागू होणारा कायदा झाला. सायकल मात्र नगरपालिका व पोलीस यांच्या अखत्यारीत राहिली. १९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियमातील ‘वाहन’ या संज्ञेत गाडी, छकडा, हातगाडी, मोटार यांच्या जोडीने सायकल व तीनचाकी सायकल यांचा नावानिशी समावेश आहे. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाची व्याख्या तर याहून उदार. तिच्यात सायकल, रिक्षा, मोटार, जलयान आणि विमान एकाच पंगतीत बसली आहेत. सायकल आणि विमान यांना एका पाटावर बसविणारा हा कायदा हास्यास्पद वाटेल, परंतु रस्त्याचा व्यवहार चालविणाऱ्यास जे काही चालते ते सर्व दिसले पाहिजे, हे त्याच्या कर्त्यांस समजले होते. याच अधिनियमाच्या ३३ व्या कलमाने रस्त्यावरील सर्व प्रकारच्या रहदारीचे नियमन करण्याचा व वाहनांवर दिवे किती, कोठे व कोणत्या वेळी असावेत हे ठरविण्याचा अधिकार दिला.

या अधिकाराचा प्रत्यक्ष संसार पाहावयाचा तर पुण्याकडे वळावे लागते. सायकलींचे शहर म्हणून पुण्याची ख्याती होती. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातील कामगार, कचेरीतील कारकून, महाविद्यालयांतील विद्यार्थी व विद्यार्थिनी यांची ये-जा मुख्यतः सायकलीवर चाले. नगरपालिकेचा सायकलकर भरल्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला सायकलीस लावावा लागे. रात्री दिव्याविना जाणाऱ्यास आणि ‘डबलसीट’ बसणाऱ्यांस पोलीस अडवीत. रॉकेलचा दिवा वाऱ्याने विझला की पोलिसासमोर ‘आत्ताच विझला’ म्हणून काच गरम असल्याचा पुरावा देण्याच्या आठवणी जुन्या पुणेकरांकडून ऐकावयास मिळत. बिल्ला हा जाच होता, यात संशय नाही. परंतु बिल्ला लावलेली सायकल ही नगरपालिकेच्या दप्तरी एक गणती होती, आणि जे मोजले जाते त्यासाठी जागा राखण्याचा विचार निदान संभवतो. मोटारीवरील कर १९३५ च्या मुंबई मोटार वाहन कर अधिनियमाने प्रांतिक सरकारकडे गेला आणि १९५८ च्या कायद्याने तेथेच स्थिर झाला. सायकलकर नगरपालिकेकडे राहिला, आणि कालांतराने उत्पन्नापेक्षा वसुलीचा खटाटोप जड होऊन मागे पडला. करातून सुटलेला सायकलस्वार दप्तरातूनही सुटला. ही सुटका फायद्याची झाली की तोट्याची, याचा विचार त्या वेळी फारसा कोणी केला नाही.

दरम्यान रस्त्यावरचे चित्रच पालटले. १९७२ पासून पुण्याच्याच कायनेटिक कंपनीची ‘लूना’ बाजारात आली. तीस पायटे होते, म्हणून दिसण्यात ती सायकलीची बहीण. इंजिन होते, म्हणून कायद्याने मोटारीच्या कुळातली. आकुर्डीच्या बजाज कारखान्यातील स्कूटरसाठी वर्षानुवर्षांच्या प्रतीक्षायाद्या असत. त्या संपल्यावर पुणे सायकलीवरून उतरले. पुढे २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने पादचारी व सायकलस्वार यांच्याकडे लक्ष वेधले, त्याच वर्षी पुण्यात जलद बसमार्गाचा प्रयोग सुरू झाला आणि त्याच्या कडेने सायकलमार्गही आखण्यात आले. डिसेंबर २०१७ मध्ये महानगरपालिकेने सर्वंकष सायकल आराखडा संमत केला. यांतील बरेच मार्ग उभ्या केलेल्या गाड्या, विजेच्या पेट्या व विक्रेत्यांच्या हातगाड्या यांनी व्यापलेले आढळतात. पादचारी मार्गावर वा सायकलमार्गावर मोटार चालवू नये, असे १९८९ च्या अकराव्या नियमात स्पष्ट होते. परंतु नियमाचा लाभ घेणारा वर्गच क्षीण झाल्यावर त्याची अंमलबजावणी मागणार कोण?

स्वतंत्र मार्ग हा सर्वस्वी निर्दोष उपाय आहे, असेही मानता येत नाही. डिसेंबर १९३४ मध्ये लंडनच्या वेस्टर्न ॲव्हेन्यूवर ब्रिटनमधील पहिल्या सायकलमार्गांपैकी एकाचे उद्घाटन वाहतूकमंत्री लेस्ली होर-बेलिशा यांनी केले. तेव्हा विरोध केला तो सायकलस्वारांच्याच संघटनेने. आज सोय म्हणून मार्ग द्याल आणि उद्या मुख्य रस्त्यावर येऊ नका म्हणाल, ही सायकलिस्ट्स टूरिंग क्लबची भीती होती. उलट हॉलंडमध्ये १९७० नंतर, मोटारींखाली बळी पडणाऱ्या मुलांसाठी उभ्या राहिलेल्या लोकचळवळीने स्वतंत्र मार्गांचीच मागणी केली आणि ती मोठ्या प्रमाणावर पदरात पाडून घेतली. अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या पीचट्री सिटी या शहरात दीडशेहून अधिक किलोमीटर लांबीचे मार्ग सायकलस्वार, पादचारी आणि गोल्फच्या मैदानावरील विजेच्या छोट्या गाड्या यांनी मिळून वापरावयाचे आहेत. तेथे सायकलस्वारास मोटारीपासून सुटका मिळाली, पण नव्या सोबत्याशी जुळवून घ्यावे लागले.

अशा छोट्या गाड्यांचा प्रश्न रायगड जिल्ह्यास अपरिचित नाही. केवळ कारखान्यात वा बंदिस्त आवारात वापरावयाची खास गाडी १९८८ च्या व्याख्येतून वगळलेली आहे. २०१५ च्या दुरुस्तीने मात्र चार हजार वॅटपर्यंतच्या तीनचाकी ई-रिक्षेस कायद्यात स्वतंत्र स्थान मिळाले. माथेरान येथे मोटारी दस्तुरी नाक्यापलीकडे जात नाहीत, आणि २००३ पासून तो परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित आहे. तेथे सर्वोच्च न्यायालयाच्या अनुमतीने डिसेंबर २०२२ पासून ई-रिक्षांचा प्रयोग झाला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने माणसांनी ओढावयाच्या रिक्षा सहा महिन्यांत बंद करून त्यांच्या जागी ई-रिक्षा आणण्याचा आदेश दिला. माणसाने माणसास ओढण्याची प्रथा संपणे इष्टच होते. पण ध्यानी घेण्यासारखे हे की, माथेरानात रस्त्यावर कोणी यावे याचा निर्णय प्रत्येक वाहनाचे नाव घेऊन झाला.

कापड्याच्या रस्त्यावर असा निर्णय कधीच झालेला नाही. तेथील सायकलस्वाराची मोटार कायद्याशी गाठ पडते ती अपघातानंतर. मोटारीने धडक दिल्यास १६६ व्या कलमान्वये नुकसानभरपाई मागता येते, आणि मोटारीच्या विम्यात तो ‘तृतीय पक्ष’ ठरतो. मेल्यावर वा हातपाय मोडल्यावर मिळणारी ही मान्यता आहे. २०१७ च्या नियमावलीने पादचारी, सायकलस्वार, मुले, वृद्ध व अपंग यांच्या सुरक्षिततेची विशेष काळजी घेण्याचे कर्तव्य चालकावर टाकले, ही प्रगती होय. परंतु तीत सायकलस्वाराचे स्थान दुर्बळांच्या यादीत आहे, वाहन चालविणाऱ्यांच्या यादीत नाही. दुर्बळ म्हणून दया मिळते, अग्रक्रम मिळत नाही. ज्या शासनाने मानव विकास कार्यक्रमाखाली ग्रामीण भागातील शाळकरी मुलींना सायकली दिल्या, त्याच शासनाच्या रस्त्यावर त्या सायकलीस वाहन म्हणून नाव नसावे, ही विसंगती सामान्य नव्हे.

२०१९ च्या दुरुस्तीने १३८ व्या कलमात ‘१-अ’ हे उपकलम घातले. यांत्रिक शक्तीने न चालणारी वाहने आणि पादचारी यांचे वर्तन व सार्वजनिक ठिकाणी, तसेच राष्ट्रीय महामार्गावर त्यांचा प्रवेश यांचे नियमन करणारे नियम राज्य सरकारांनी करावेत, असे ते सांगते. ज्या अधिनियमात ‘वाहन’ याचा अर्थच यंत्राने चालणारे असा आहे, त्याच अधिनियमात ‘यंत्राने न चालणारे वाहन’ हा शब्दप्रयोग आला. व्याख्येने बाहेर ठेवलेला सायकलस्वार असा मागील दाराने आत शिरला. पण त्यास ज्या क्रियापदाखाली बोलावले ते ‘नियमन’ आहे, आणि ज्या वस्तूचे नियमन व्हावयाचे ती त्याचा ‘प्रवेश’ आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे नियम सहा महिन्यांत करण्याचे निर्देश राज्यांना दिले. पोलादपूर मुंबई-गोवा महामार्गावर वसलेले आहे. कापड्याहून सायकलीने पोलादपुरास येणाऱ्यास त्या महामार्गाचा संबंध टाळता येत नाही. नियमांत चढणाऱ्या सायकलीस वाट देण्याचे बंधन उतरणाऱ्या मोटारीवर येते, की महामार्गावर न येण्याचे बंधन सायकलीवर येते, यावर १८८८ च्या कलमाने जोडलेली हक्क आणि बंधन यांची गाठ टिकते की सुटते, हे ठरावयाचे आहे.