दोनाचे चार हात

बऱ्हाणपूर ही खानदेशच्या फारुकी राजांची जुनी राजधानी. तेथील शनवारा दरवाजातून आत शिरावे, तो मराठी व हिंदी एकाच ओट्यावर बसलेल्या आढळतात. मुलीच्या लग्नास एक ‘हाथ पीले करना’ म्हणते, दुसरी ‘हात पिवळे करणे’. हळद एकच!

परंतु मराठीचा स्वतःचा थाटही आहे. वर ‘बोहल्यावर चढतो’, ‘चतुर्भुज होतो’. ‘अक्षता पडतात’, दोनाचे चार हात होतात. कन्या मात्र ‘उजवली’ जाते. व्रताचे उद्यापन म्हणजे उजवणे. कन्येचा विवाह हे पित्याचे व्रतच, असे हा शब्द सांगतो. पुनर्विवाहास ‘पाट लावणे’ हा निराळा शब्द; १८५६ च्या विधवाविवाह कायद्यापूर्वीच तो अनेक जातींत रूढ होता. गोव्यातील ख्रिस्ती कोंकणीत पोर्तुगीजांकडून आलेले ‘काजार’ रुळले.

या सर्वांत सप्तपदी कोठेच नाही! उलट, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमानुसार, जेथे सप्तपदीचा विधी आहे तेथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण व बंधनकारक होतो. १९६५ साली भाऊराव लोखंडे खटल्यात होम व सप्तपदी झाली नव्हती, आणि त्यांवाचून विवाह होण्याची रूढीही शाबीत झाली नाही. सर्वोच्च न्यायालयाने तो दुसरा ‘गांधर्व’ विवाह मानला नाही. द्विभार्येचा आरोपी सुटला. पहिलीला दाद नाही, दुसरीला पत्नीपद नाही!

म्हणून कन्या उजवताना पित्याने अक्षतांबरोबर पावलेही मोजावीत.