काला अंबची जीरी

आमचे आजोबा पानिपत सांगायचे ते दाण्यागोट्याच्या हिशेबाने. विश्वासरावांना गोळी लागली, भाऊ गर्दीत दिसेनासे झाले, हे दोन वाक्यांत उरकायचे. मराठवाड्यातला कोरडवाहू माणूस. त्यांचा जीव अडकायचा तो उपासमारीत. १७ ऑक्टोबर १७६० ला मराठ्यांनी कुंजपुरा घेतला, धान्याची कोठारं हाती आली. पण लगेच अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि दिल्लीची वाट बंद झाली. रसद जमवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. सोबत यात्रेकरू, बायकापोरं. "एवढी सुपीक जमीन, आणि माणसं झाडपाला खातायत रे," म्हणताना आजोबांचा आवाज चढायचा. १४ जानेवारी १७६१ ला फौज उपाशीपोटीच लढली.

पानिपतजवळच्या काला अंबला नावातला तो आंबा आता नाही, स्मारकाचा स्तंभ आहे. दर १४ जानेवारीला इथे रोड समाजाची माणसं जमतात. पानिपतात मागे राहिलेल्या मराठ्यांचे आपण वंशज, असं त्यांच्यातले कितीतरी जण मानतात. इतिहासकारांचं त्यावर एकमत नाही. मला मात्र त्यांची शेती पाहायची होती.

एका वयस्कर ताऊंनी मला शेताच्या कडेचा पक्का बांधलेला खड्डा दाखवला. त्यांच्या तरुणपणी पंप या खड्ड्याच्या तळाशी असायचा. पट्टा निसटला की लोखंडी पायऱ्यांनी खाली उतरायचं. वरचा पंप पाणी जेमतेम सात-आठ मीटरांवरूनच ओढतो, म्हणून पाणी खाली गेलं की खड्डाही खाली न्यायचा. शेवटी सबमर्सिबल आली. आता खड्ड्यात भुसा भरलेला आहे. "वडिलांच्या वेळी इथे हरभरा, बाजरी, मका होता," ताऊ म्हणाले. "जीरी मागून आली." जीरी म्हणजे भात.

भूजल वाचावं म्हणून हरियाणाने २००९ मध्ये कायदा केला: १५ जूनआधी भाताची लावणी नाही. हेतू चांगलाच होता. पण लावणी लांबली तशी कापणीही लांबली, गव्हाला वावर रिकामं करायला थोडेच दिवस उरले, आणि पराली, म्हणजे शेतात उरलेला भाताचा पेंढा, पेटू लागली. दिल्लीत खोकला वाढला की बोट याच शेतांकडे जातं. २०२२ मध्ये पानिपत रिफायनरीजवळ परालीपासून इथेनॉल करणारा कारखाना सुरू झाला, वर्षाला दोन लाख टन पेंढा लागेल एवढा. उपयोगाचंच काम आहे, पण त्याने विहिरीत पाणी वाढत नाही.

भात सोडणाऱ्याला २०२० मध्ये सरकारने एकरी सात हजार रुपये देऊ केले. ताऊंनी एका किल्ल्यात, म्हणजे एकरात, मका घेऊन पाहिला. मंडीत भाताला हमीभावाने काटा लागतो. मका अडत्या ठरवील त्या दराने गेला. पुढच्या वर्षी पुन्हा जीरी.

आजोबांचं वावर आठवलं. ज्वारीत तूर, बांधाला अंबाडी. तिथे आज सोयाबीन आहे. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि बाजारात पुष्कळांनी ते चार हजारांच्या आसपास विकलं. भाव जाहीर होता, पण त्या भावाने घेणारा पुष्कळांना मिळाला नाही.

शेतकऱ्याला पीक बदल म्हणणाऱ्यांनी आधी मंडीत हरभऱ्याला, मक्याला, तुरीला भातासारखाच काटा लावावा. ताऊंचं मागणं एवढंच आहे, आणि हरभरा पेरायला ते आजही तयार आहेत.