ऑडीची वंशावळ

मोटारींची वंशावळ नावाने मांडावी की घडणीने? ऑगस्ट हॉर्श यांना स्वतःचेच आडनाव नव्या कंपनीस देण्यास न्यायालयाने मनाई केली, तेव्हा त्यांनी त्याचे लॅटिन रूप ‘ऑडी’ घेतले. दोहोंचा अर्थ ‘ऐक’! १९३२ मध्ये ऑडी, डीकेडब्ल्यू, हॉर्श व वाँडरर मिळून ऑटो युनियन झाली. महायुद्धानंतर १९६५ पर्यंत ऑडी नावाची नवी गाडी निघाली नाही. त्या वर्षी निघाली ती डीकेडब्ल्यू एफ १०२ च्याच सांगाड्यावर, टू-स्ट्रोकऐवजी फोर-स्ट्रोक इंजिन बसवून. मग एफ १०२ ऑडीच्या कालपटात घ्यावी काय? आमच्या मते घ्यावी, परंतु स्वतःच्या नावाने. आणि ऑडीचा रकाना तेवढी वर्षे कोराच ठेवावा. (कोरे रकाने मागाहून भरलेली दप्तरे आम्ही नोकरीत पुष्कळ पाहिली.) त्या काळात इंगोलश्टाटचा कारखाना चालला तो डीकेडब्ल्यूवरच.