निवांत बेटाची गोष्ट

आयर्लंडच्या गॉलवे उपसागराच्या तोंडाशी असलेल्या अरन बेटांवर आज पाहुणा जातो तो घड्याळ विसरायला. पण हा निवांतपणा मूळचा बेटकऱ्यांचा नाही. पाहुण्यांनीच तो तिथे नेला. बेटं म्हणजे उघडा चुनखडक. लोकांनी वाळू आणि समुद्रशेवाळ वाहून नेऊन खडकावर पसरलं, माती तयार केली, वाऱ्यापासून ती राखायला गडगे रचले आणि त्यात बटाटे पिकवले. मासेमारी चाले ती लाकडी सांगाड्यावर डांबरी कापड ताणलेल्या हलक्या होड्यांतून, तीही अटलांटिकमध्ये! १९३४ च्या ‘मॅन ऑफ अरन’ या चित्रपटासाठी दिग्दर्शक रॉबर्ट फ्लॅहर्टीने बेटकऱ्यांना शार्कची शिकार नव्याने शिकायला लावली, कारण ती तिथे कधीच बंद पडली होती. जुनाटपणाची हौस बाहेरच्यांचीच.

यावर कुणी नाटककार जॉन मिलिंग्टन सिंगची साक्ष काढील. १८९८ साली तो पहिल्यांदा इथे आला. दाराच्या चौकटीची सावली जमिनीवर कुठवर सरकली यावरून घरात वेळ ओळखतात आणि वारा फिरून दुसरं दार उघडावं लागलं की तो हिशेब बिघडतो, असं त्याने नोंदवलं. नोंद खरी आहे. पण घड्याळ नसणं म्हणजे सवड असणं नव्हे. भरती-ओहोटी कुणासाठी थांबत नाही. शिवाय सिंगला हवं तेव्हा परत जाता येत होतं. बेटकरीही गेले, पण अमेरिकेला, पोटासाठी. १८४१ मध्ये तिन्ही बेटांवर तीन हजारांहून अधिक माणसं राहत होती. आज दीड हजारही उरलेली नाहीत.