आयव्हीएफमुळे स्त्रीबीजं लवकर संपतात का? उत्तर दडलंय डुकरिणीच्या अंडाशयात

आयव्हीएफमध्ये एकाच वेळी आठ-दहा स्त्रीबीजं काढली जातात. मग पुढच्या आठ-दहा महिन्यांचा साठा आजच संपला का? नाही. ती बहुतेक बीजं त्याच महिन्यात मरणार होती.

साठा किती असतो?

आईच्या पोटात असताना, पाचव्या महिन्याच्या सुमारास मुलीच्या अंडाशयात ६० ते ७० लाख बीजं असतात. जन्मताना १० ते २० लाख आणि पाळी सुरू होताना तीन-चार लाख उरतात. आयुष्यभरात जेमतेम ४०० ते ५०० बीजं अंडाशयातून बाहेर पडतात. बाकीची आतच मरतात.

ती मरतात कशी?

प्रत्येक बीज एका पुटिकेत, म्हणजे फॉलिकलमध्ये असतं. त्याभोवती ग्रॅन्युलोसा पेशी असतात. या पेशी ठरलेल्या पद्धतीने स्वतःला संपवतात. याला अपॉप्टोसिस म्हणतात. कॅस्पेज नावाची एन्झाइम्स पेशीला आतून कापतात आणि शेजारच्या पेशी ते तुकडे साफ करतात. सूज नाही, वेदना नाही.

यात डुक्कर कुठून आलं?

अभ्यासासाठी माणसाची अंडाशयं सहज मिळत नाहीत, डुकरांची कत्तलखान्यातून मिळतात. डुकरिणीचं ऋतुचक्र साधारण २१ दिवसांचं. दर चक्रात अनेक फॉलिकल वाढू लागतात, पण साधारण १५ ते २० बीजंच बाहेर पडतात. उरलेल्या वाढत्या फॉलिकलमध्ये आधी ग्रॅन्युलोसा पेशी मरतात आणि बीज नंतर. म्हणजे बीज जगणार की नाही, हे या पेशींवर ठरतं.

मग वाचतं कोण?

एफएसएच हे हार्मोन या पेशींना जगवतं. त्याची पातळी उतरली की कमी हार्मोनवर तग धरणारी फॉलिकल तेवढी टिकतात. डुकरिणीत अनेक, बाईत बहुधा एकच. आयव्हीएफची इंजेक्शनं ही पातळी चढी ठेवतात आणि मरू घातलेली फॉलिकल वाचवतात.

भारतात कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी १९७८ मध्येच अशी इंजेक्शनं वापरली होती. पण तेव्हा त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. ६ ऑगस्ट १९८६ ला परळच्या केईएम रुग्णालयात जन्मलेलं बाळ देशातलं पहिलं टेस्ट ट्यूब बेबी मानलं गेलं. त्यामागे डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार होते. पुढे मुखोपाध्याय यांची कागदपत्रं पाहून १९९७ मध्ये खुद्द आनंद कुमार यांनीच पहिलेपणाचं श्रेय त्यांना दिलं.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय?

इंजेक्शनं नवी बीजं तयार करत नाहीत, फक्त त्या महिन्यातली वाचवतात. त्यांचे दुष्परिणाम असू शकतात, ते डॉक्टरांना विचारून घ्या. गर्भनिरोधक गोळ्यांनी बीजांची 'बचत' होत नाही, कारण गोळी घेतानाही साठा कमी होतच राहतो. सिगारेटमुळे मात्र तो लवकर घटतो.